ट्रेवरची बाई

मी भित्रा नाही, सावध आहे. हा फरक मी गेली सव्वीस वर्षं घरच्यांना समजावून सांगतोय आणि घरचे गेली सव्वीस वर्षं मान डोलावतायत. विमा कंपनीच्या दावे विभागात काम करणारा माणूस सावध नसेल तर दुसरं काय असेल? माझ्या टेबलावर दिवसभर जे कागद येतात, त्यांत एकाही माणसाचं काही धड झालेलं नसतं. कुणी बल्ब बदलायला स्टुलावर चढलेला असतो आणि शेजाऱ्याच्या गाडीच्या टपावर उतरलेला असतो. कुणाचं कपाट तीस वर्षं गुपचूप उभं राहून एके दिवशी नेमकं पाहुण्याच्या अंगावर पडलेलं असतं. हे वाचून वाचून माझी नजर अशी झाली आहे की कुठलीही वस्तू पाहिली की ती पुढे काय करणार ते मला आधीच दिसतं. आयुष्यात एकदाच दिसलं नाही. तेव्हा माझ्यासमोर एक चहाचा ट्रे होता.

ट्रे ताईसाठी होता. ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. मुलींच्या शाळेत एकोणतीस वर्षं होती, त्यातली शेवटची बारा मुख्याध्यापिका. राहायची शाळेच्याच आवारातल्या क्वार्टरमध्ये. यंदा ती निवृत्त झाली, क्वार्टर सोडलं आणि आमच्यापासून दोन रस्ते पलीकडे चौथ्या मजल्यावर एक छोटा फ्लॅट घेतला. नव्या घरासाठी तिला काहीतरी द्यायचं होतं. ताईला वस्तू देणं सोपं नाही. ती वस्तू हातात घेते, उलटी करते, खाली कुठं बनवलंय ते वाचते आणि 'बरं' म्हणते. त्या 'बरं'ला आम्ही सगळेच टरकून असतो.

तर नेमकं त्याच आठवड्यात तिनं आईचं स्वयंपाकाचं पुस्तक आमच्या घरी दिलं होतं. माझ्या बायकोला त्यातल्या स्पंज केकची कृती उतरवून घ्यायची होती. आई गेल्यावर ते पुस्तक ताईकडे राहिलं, आणि ताई ते कुणाला देत नाही. आम्हाला दिलं ते आठ दिवसांच्या बोलीवर, तीन अटी घालून. ओले हात लावायचे नाहीत. पान दुमडायचं नाही. आणि 'छोट्याच्या हातात द्यायचं नाही.' छोट्या म्हणजे मी. माझं वय एक्कावन्न.

त्या पुस्तकाचं मुखपृष्ठ मात्र बघण्यासारखं आहे. पिवळट केशरी रंगाची भिंत, निळी शेगडी, आणि ठिपक्याठिपक्यांचा एप्रन घातलेली एक गोल चेहऱ्याची बाई. एका हातानं तिनं पातेल्यावरचं झाकण उचललंय, वाफ वर गेलीय, आणि ती आपल्याकडे बघून हसतेय. आता असं कुणी काढत नाही. आता मुखपृष्ठावर फोटो असतो, आणि फोटोतला पदार्थ इतका चकचकीत असतो की तो खायचा की पुसायचा कळत नाही. या बाईकडे पाहिलं की मला शाळेतून घरी आल्यासारखं वाटायचं. मी ठरवलं की हे चित्र ट्रेवर छापून घ्यायचं आणि ताईला द्यायचं.

"आधी ताईंना विचारा," बायको म्हणाली.

"विचारलं तर त्यात सरप्राइज काय राहिलं?"

"ताईंना सरप्राइज आवडत नाही. शाळेत इन्स्पेक्टर न कळवता आले होते तर त्यांनी त्यांना फाटकाबाहेर उभं ठेवलं होतं."

हे खरं होतं. तरीही ऑफिसला जाताना ते पुस्तक मी वर्तमानपत्रात गुंडाळून बॅगेत टाकलं. एरवी रस्ता ओलांडताना दोनदा मागे वळून बघणारा माणूस मी. त्या दिवशी मला काय झालं होतं, ते आजही सांगता येणार नाही.

छपाईवाल्याचं दुकान बसस्टॉपच्या मागे जिन्याखाली आहे. 'कशावरही काहीही छापून मिळेल' अशी पाटी. तो माणूस अतिशय शांत. चष्मा कपाळावर, हातात पातळ पात्याचा कटर, आणि बोलण्यात एकच वाक्य. "टेन्शन घेऊ नका साहेब." त्यानं पुस्तक उघडझाप करून पाहिलं, एक फॉर्म पुढे केला, मी ट्रेसमोर खूण केली. खाली 'संच' असा एक चौकोन होता. संच म्हणजे ट्रे आणि त्याचा खोका असेल असं मला वाटलं, म्हणून तिथंही केली. एरवी दाव्याच्या कागदावरचा स्वल्पविरामसुद्धा मी तपासतो.

दुसऱ्या दिवशी पुस्तक आणायला गेलो तर त्यानं दोन वस्तू काउंटरवर ठेवल्या. एक पुस्तक. एक मुखपृष्ठ.

मी बराच वेळ दोन्हीकडे आळीपाळीनं बघत राहिलो.

"हे वेगळं कसं झालं?"

"केलं. बांधणी घट्ट होती, मशिनवर सपाट बसेना. कडेला काळी पट्टी आली असती."

"कापलंत?"

"नीट कापलंय. बघा, कड बघा. टेन्शन घेऊ नका, माझा बाइंडर आहे, असं चिकटवील की तुम्हालाच कळणार नाही."

मला कळण्याचा प्रश्नच नव्हता. माझ्या डोळ्यांसमोर ताईचा चष्मा आला. मुखपृष्ठ बाइंडरसाठी दुकानातच ठेवलं आणि उघडंबोडकं पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळून घरी आणलं. बायकोनं ते पाहिलं आणि कपाटात साड्यांखाली ठेवून दिलं. ती बोलली असती तर मला बरं वाटलं असतं.

संच म्हणजे काय, ते पुढच्या सोमवारी साडेचारला कळलं. टेंपोतून चार मोठे खोके उतरले. ट्रे होते चोवीस. शिवाय कप, एप्रन, भिंतीवरची घड्याळं आणि गरम भांडं धरायची फडकी. सगळ्यांवर ती बाई. मी छपाईवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "संच म्हणजे सगळं. खूण तुमचीच आहे. मशीन एकासाठी लावत नाही." मी म्हणालो, परत घ्या. तो म्हणाला, "यावर तुमची बाई छापलीय साहेब, दुसरं कोण घेणार?" माझी बाई. पन्नास वर्षं सभ्यपणे जगलेल्या माणसाला हे ऐकावं लागलं.

एवढ्यात बायको आतून एप्रन घालून आली. "छान झालाय हो," असं ती म्हणतेय तोच ताईचा फोन आला. ती खालीच होती. चढतेय म्हणाली.

ती तीन मजले चढेपर्यंत चारही खोके आम्ही न्हाणीघरात कसे कोंबले, ते मी सांगू शकत नाही, कारण त्या वेळचं मला काही आठवत नाही. दार वाजलं तेव्हा बायकोच्या ध्यानात आलं की एप्रन अंगातच आहे आणि पाठीमागची गाठ सुटत नाहीये. तिनं वरून जाड शाल पांघरली. बाहेर ऊन तापलेलं होतं.

"बरं नाही का तुला?" ताईनं विचारलं.

"कणकण आहे ताई जराशी."

ताईनं तिच्या कपाळाला हात लावला. कपाळ घामानं डबडबलं होतं. "अंग तर गार आहे. शाल काढ, वारा लागू दे."

"नको ताई, हुडहुडी भरते."

"मी जरा हात धुऊन येते," म्हणून ताई न्हाणीघराकडे वळली.

"पाणी नाहीये," मी म्हणालो.

"सकाळपासून?"

"कालपासून."

"मग तक्रार केलीस का? दाखव बघू नळ." शाळेतले अठ्ठावीस नळ तिनं वर्षानुवर्षं स्वतः बघितले होते. मी दारासमोर उभा राहिलो आणि आत झुरळांचं औषध मारलंय म्हणून सांगितलं. ताईनं माझ्याकडे पाहिलं. वर्गात मागच्या बाकावर कोण हसलं हे शोधताना ती अशीच बघत असणार. मग स्वयंपाकघरात जाऊन तिनं हात धुतले, तिथं पाणी होतं, तो नळ तिनं घट्ट बंद केला. चहा प्यायली आणि विचारलं, "पुस्तक झालं का?"

"केक फुगत नाहीये अजून," शालीतून बायको म्हणाली.

"बरं. पुढच्या रविवारी मी न्यायला येते."

ती गेल्यावर बायकोनं शाल फेकली आणि पंख्याखाली बसली. "तुमच्या पायी मी उकडून निघाले," एवढंच म्हणाली.

खोके घरात ठेवणं शक्य नव्हतं. बायकोनं खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंना एक ट्रे दिला. त्या ट्रेकडे बघतच राहिल्या. "अगं, हे आमच्या आईकडे होतं," म्हणाल्या. संध्याकाळपर्यंत इमारतीतले निम्मे लोक आमच्या दारात. कुणाच्या आजीकडे हे पुस्तक होतं, कुणाच्या मावशीनं ते नेलं आणि परत दिलं नाही, त्यावरून दोन घरांत अजून बोलणं नाही. दंतवैद्य म्हणाले, एप्रन हिरवा होता. त्यांच्या बायकोनं त्यांना तिथेच गप्प केलं. दुसऱ्या मजल्यावरचे म्हातारे गृहस्थ कधी कुणाशी बोलत नाहीत. त्यांनी एक कप दोन्ही हातांत धरला आणि जिन्याच्या पायरीवर बसले. बराच वेळ बसले होते. मग कप घेऊन खाली आपल्या घरी गेले. त्यांना काही विचारायचं कुणाच्या मनात आलं नाही.

दोन दिवसांत खोके रिकामे झाले आणि माझी खरी भीती सुरू झाली. कारण ती बाई आता माझ्या घरातून बाहेर पडली होती. पहारेकऱ्याच्या खोलीत घड्याळात ती. न्हाव्याच्या अंगावर एप्रनमध्ये ती. बँकेत कॅशियरच्या कोपराशी कपावर ती, झाकण उचलून माझ्याकडे बघून हसतेय. टपरीवर चहा मागितला तर त्याच ट्रेमधून आला आणि मी न पिताच निघालो. याच रस्त्यानं ताई रोज सकाळी दूध आणायला जायची. मी ऑफिसला जाण्याची वेळ बदलली, ताई दिसली तर वळायला सोपं म्हणून पलीकडच्या फुटपाथनं चालू लागलो. त्या फुटपाथवर गटाराचं झाकण उघडं होतं. अशा झाकणांचे दावे मी स्वतः नाकारलेले आहेत.

शनिवारी समोरच्या ब्लॉकमधले नियमकाका आले. त्यांचं खरं नाव दुसरं आहे, पण बांधकाम परवान्यांच्या कचेरीत आयुष्य घालवल्यामुळे त्यांना परवानगीशिवायची वस्तू दिसली की चैन पडत नाही. हातात ट्रे होता, त्यावर दोन कप.

"त्या परवानगीचा कागद जरा दाखवता का? नुसता बघायला," ते खुर्चीत बसत म्हणाले.

"कसल्या परवानगीचा?"

"या चित्राच्या. कुणीतरी काढलंय ना ते? चित्र काढणाऱ्याचा हक्क असतो. तो गेला तरी पोराबाळांचा असतो. विचारल्याशिवाय छापता येत नाही."

"मी फक्त ताईसाठी एक ट्रे..."

"बँकेत मी स्वतः कप बघितला," नियमकाका म्हणाले. "म्हणजे सार्वजनिक वितरण झालं."

मी हळू आवाजात विचारलं, "शिक्षा असते का हो याला?"

"असते ना," ते म्हणाले. इमारतीला गच्ची आहे का, असं विचारल्यावर माणूस म्हणेल तसं. "पण तुम्ही स्वतःहून जा. हक्क नोंदणी कार्यालयात अर्ज टाका, चित्रकार शोधून परवानगी मिळावी म्हणून. आपण होऊन आलेल्या माणसाकडे ते थोडं सौम्यपणे बघतात. थोडंच." मग त्यांनी त्या बाईच्या कपातून आमच्याकडचा चहा घेतला, आणि कपाची कड जाड आहे, एवढी तक्रारही केली.

सोमवारी मी रजा टाकली. मूळ चित्र हवं असं नियमकाकांनी बजावलं होतं, म्हणून वाटेत छपाईवाल्याकडून मुखपृष्ठ घेतलं. बाइंडर आजारी होता, ते अजून सुटंच होतं. मी ते दोन पुठ्ठ्यांच्या मधे ठेवून छातीशी धरलं. कार्यालयात खिडकी तीनवर खिडकी आठला जा म्हणाले, खिडकी आठवर जेवणाची सुटी होती, आणि सुटी संपल्यावर ते म्हणाले हे काम खिडकी सहाचं. खिडकी सहावर एक चष्मेवाल्या बाई होत्या. त्यांनी मुखपृष्ठ हातात घेतलं आणि त्यांचा चेहरा एकदम मऊ झाला.

"हे आमच्या घरी होतं," त्या म्हणाल्या. "शनिवारी बाबा यातलं बघून काहीतरी करायचे आणि आई बाहेर बसून पेपर वाचायची."

मला वाटलं, आता निभावलं. तेवढ्यात त्याच मऊ चेहऱ्यानं त्यांनी गोल शिक्का उचलला, शाईच्या पॅडवर दाबला आणि धाडकन चित्रावर मारला. मधोमध. जांभळ्या अक्षरांत 'प्राप्त', खाली तारीख. अर्धा शिक्का एप्रनवर, अर्धा झाकणावर.

"हे परत कधी मिळेल?"

"निर्णय झाल्यावर."

"निर्णय कधी होतो?"

"हरकतींची मुदत संपली की."

"आणि मुदत कधीपासून?"

"चित्रकाराचा पत्ता मिळाला की."

"तो कोण शोधणार?"

"अर्जदार."

मी चित्राच्या कोपऱ्यातली सही वाचायचा प्रयत्न केला. एक आडवी रेघ आणि दोन टिंबं होती. बाईंनी मुखपृष्ठ एका फाइलमध्ये घातलं, फाइल गठ्ठ्यात घातली, गठ्ठा कपाटात, आणि कपाटाला कुलूप. ताई रविवारी येणार होती. तिच्या पुस्तकाचं मुखपृष्ठ आता सरकारदरबारी जमा होतं आणि त्यावर शिक्का होता.

पुढं जे केलं, ते मला लिहायलासुद्धा लाज वाटते. मी छपाईवाल्याकडून त्याच चित्राची कागदावरची प्रत काढून आणली. "डागबिग सगळे काढलेत, एकदम क्लीन," तो अभिमानानं म्हणाला. प्रत नव्या नोटेसारखी कोरी होती. मी आणि बायकोनं ती चहाच्या पाण्यातून काढली, चिमटे लावून दोरीवर वाळवली, दोन दिवस खिडकीत उन्हात ठेवली. कोपरे मी नखं घासायच्या कानशीनं झिजवले. बायको पुठ्ठ्याला डिंक लावताना म्हणाली, "तुमच्याकडे असा दावा आला तर काय करता?" मी म्हणालो, पोलिसांकडे पाठवतो. मग दोघंही चिकटवत राहिलो.

दहा फुटांवरून ते अस्सल दिसत होतं. ताई रविवारी आली ती दहा फुटांवर थांबली नाही. तिनं पुस्तक मांडीवर घेतलं, पर्समधून चष्मा काढला, काच पुसली, घातला. मुखपृष्ठावर सपाट हात ठेवला. खालच्या कोपऱ्याशी तो हात थांबला. माझ्या छातीतले ठोके बायकोला ऐकू जात असतील असं मला वाटलं. तिचेही मला ऐकू येत होते.

"चांगलं जपलंत," ताई म्हणाली. पुस्तक पिशवीत घातलं आणि चहा न घेता गेली.

ती ओरडली असती तर मी सुटलो असतो. पण 'चांगलं जपलंत' या दोन शब्दांनी माझे आठ दिवस खाल्ले. फोन वाजला की दचकायचो, वाजला नाही की जास्त दचकायचो. ऑफिसात जिन्यावरून पियानो पडल्याचा एक दावा मी न वाचता मंजूर केला. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून घरी सगळं ठीक आहे ना, असं विचारलं. जेवताना माझा घास हातातच राहायचा. दुसऱ्या रविवारी दुपारी बायकोनं उरलेला एकुलता एक ट्रे माझ्या हातात दिला आणि दार उघडलं.

"जा. सांगून या."

"तू येत नाहीस?"

"शालीत मी उकडले, डिंक मी लावला. एवढं पुरे झालं."

चौथ्या मजल्यापर्यंत मी तीनदा थांबलो. ताईनं दार उघडलं, मी ट्रे पुढे केला आणि चपला न काढताच बोलायला लागलो. कटर, संच, न्हाणीघरातले खोके, न्हावी, शिक्का, चहाचं पाणी. मधे एकदा श्वास घ्यायचा राहिला म्हणून थांबलो. ताईनं सगळं ऐकून घेतलं. ट्रे हातात घेतला, उलटा केला, खाली वाचलं. मग टेबलावर ठेवला.

"बस," ती म्हणाली.

मी बसलो.

"पिशवीत घातलं तेव्हाच पुस्तकाला चहाचा वास येत होता. आणि आईचा अंगठा नव्हता."

"कसला अंगठा?"

"खालच्या कोपऱ्यात. लोण्याच्या हातानं पुस्तक उचललं होतं तिनं एकदा, तो डाग. तू तेव्हा पाळण्यात होतास. तुला कसा माहीत असणार."

मला खरंच माहीत नव्हतं. इतकी वर्षं मी त्या बाईकडे बघत होतो आणि आईचा अंगठा मला दिसला नव्हता. छपाईवाल्यानं तो पुसून टाकला आणि मी त्याचे आभार मानले होते.

"मग त्या दिवशीच का बोलली नाहीस?"

"तू सांगशील म्हणून थांबले. लहानपणी काचेचं काही फोडलंस की दुसऱ्या दिवशी सांगायचास. आता आठ दिवस लागले." "वाळलायस किती. उद्या रजा टाक. आपण दोघं जाऊ."

दुसऱ्या दिवशी ती खिडकीशी गेलीच नाही. आधी भिंतीवरची सूचनांची पाटी तिनं वरपासून खालपर्यंत वाचली. मग बाकावर बसून एका कागदावर चार ओळी लिहिल्या आणि मला सही करायला सांगितली. 'अर्ज मागे घेत आहे. यापुढे हे चित्र छापणार नाही. मूळ कागद परत मिळावा.' चष्मेवाल्या बाईंनी तो वाचला, कपाट उघडलं, गठ्ठा काढला आणि मुखपृष्ठ पुढे सरकवलं. दहा मिनिटं लागली नाहीत.

"अर्ज मागे घेता येतो, हे तुम्ही मला त्या दिवशी सांगितलं नाहीत," मी शक्य तेवढ्या ताठपणे म्हणालो.

"तुम्ही विचारलं नाहीत."

ताईनं मुखपृष्ठ उजेडाकडे धरलं. शिक्का जांभळा, ठसठशीत, कायमचा. पण खालच्या कोपऱ्यात डाग होता. पिवळसर, बोटाएवढा, रेघा अजून दिसणारा. ताईनं शिक्क्याकडे पाहिलं, डागाकडे पाहिलं आणि 'बरं' म्हणाली. या 'बरं'ला मी पहिल्यांदाच घाबरलो नाही. बाइंडिंग ती स्वतः करून घेणार होती, शाळेचा बाइंडर होता तिच्या ओळखीचा.

मी तिला घरापर्यंत सोडायला गेलो. दारात पोहोचल्यावर तिनं किल्ली लावली, पण आत गेली नाही.

"छोट्या, घाई आहे का तुला?"

"नाही. का गं?"

"मी आत जाऊन कडी लावते. तू बाहेरून दार ढकलून बघ. जोरात."

"बिघडलीय का कडी?"

"नाही. नवीनच आहे." ती किल्लीकडे बघत होती. "क्वार्टरवर सतत आवाज असायचा. घंटा, पोरी, फाटक. कधी एकटं असं वाटलंच नाही. इथे दार लावलं की काही ऐकूच येत नाही. मी दिवसातून चारदा उठून कडी बघते. आतून कळत नाही ना, ती धरते की नाही."

भीतीची माझी जुनी ओळख आहे. आवाजावरूनसुद्धा मी ती ओळखतो. ताईच्या आवाजात ती मी कधी ऐकली नव्हती. आठ दिवस मी स्वतःच्याच भीतीत इतका गढलो होतो की ती या घरात कशी राहतेय, हे विचारायचं मला सुचलं नव्हतं. "जा तू आत," मी म्हणालो.

कडी लागल्याचा आवाज आला. मी खांदा लावून ढकललं.

"धरते," मी म्हणालो.

"अजून जोरात."

मी थोडा मागे सरून धडक दिली. तेवढ्यात समोरचं दार साखळीपुरतं उघडलं आणि फटीतून एका वयस्क बाईंचा अर्धा चेहरा दिसला. "कोण हवंय तुम्हाला?" त्यांनी विचारलं. हातात लाटणं होतं.

एक्कावन्न वर्षांच्या माणसानं दुपारी तीन वाजता दुसऱ्याच्या दाराला धडका देताना सापडावं, यापेक्षा वाईट प्रसंग आमच्या दावे विभागातही आलेला नाही. "ही माझी बहीण आहे," मी म्हणालो. "म्हणजे आत आहे. आम्ही कडी बघतोय, नीट धरते का."

बाईंनी साखळी काढली नाही. पण लाटणं खाली गेलं.

"माझीही बघाल का?" त्या म्हणाल्या. "हे गेल्यापासून कुणाला सांगणार? मी रोज खुर्ची लावून ठेवते दाराला."

"बघतो की," मी म्हणालो.

त्यांनी दार लावलं. आतून कडी सरकली. मी त्यांचं दार ढकललं, मग खात्री म्हणून परत ताईचं. दोन्ही हलली नाहीत. दोन बंद दारांच्या मधल्या बोळात मी खांदा चोळत उभा राहिलो.

"आहेस ना?" डावीकडून ताईचा आवाज आला.

"आहात ना?" उजवीकडून त्या बाई.

"आहे," मी म्हणालो. दोघींना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.